सर्दीचं खोडलेलं वाक्य

आमच्या घरात कुणाला राग आला की भांडी आपटत नाहीत, कागद काढतात. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत नळाला चार दिवस गढूळ पाणी आलं, पप्पांनी पत्रक काढलं. जिन्याची पायरी निखळली, पत्रक. एकदा पप्पा सलग तीन रविवार सभांना गेले आणि मोरीचा तुंबलेला पाइप तसाच राहिला, तेव्हा आईने फ्रिजवर तिचं पत्रक चिकटवलं: ‘या घरातील पुरुष कार्यकर्त्यास जाहीर सवाल’. खाली तीन मागण्या. तिन्ही त्याच संध्याकाळी मान्य झाल्या.

पप्पा आयुष्यभर छापखान्यात होते. आधी अक्षरांचे खिळे जुळवायचे, मग संगणकावर अक्षरं बसवायला शिकले, आणि आता निवृत्त होऊनही त्यांचा हात थांबलेला नाही. मी मुळाक्षरं शिकले ती पत्रकांच्या मथळ्यांवर बोट ठेवून. बालवाडीत बाईंनी ‘अ’ कशाचा विचारलं तेव्हा सगळी मुलं अननस म्हणाली आणि मी अन्याय म्हणाले. प्रूफ तपासायची आमची पद्धतही ठरलेली. पप्पा हाताने लिहिलेली प्रत मोठ्याने वाचणार, विरामचिन्हांसकट, आणि मी छापलेली प्रत बोटाखाली धरून जुळवत जाणार. “आम्ही विचारतो, स्वल्पविराम, हे किती दिवस चालणार, प्रश्नचिन्ह.” ही माझी अंगाई.

या कामात पप्पांचे नियम दोनच. कुणावर आरोप करायचा तर हातात पुरावा हवा. आणि चूक झाली तर दुरुस्तीचं पत्रक काढायचं, त्याच मापाच्या अक्षरांत, त्याच रंगाच्या कागदावर, आणि ज्या दारांत पहिलं दिलं त्याच दारांत स्वतः जाऊन द्यायचं. “जितक्या हातांत चूक गेली तितक्याच हातांत दुरुस्ती गेली पाहिजे,” ते म्हणतात. मला हा नियम फार आवडायचा. दुसऱ्यांना लागू करायला.

आता कानाचं सांगते.

दोनेक वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये, जयंतीच्या मिरवणुकीत, मी साउंडच्या भिंतीला चिकटून चालले होते. साउंड आमच्या चाळीतल्याच दादाचा. तो समोरच्या गॅलरीत राहतो. त्याची माणसं मूळची मालवणकडची, आजोबा गिरणीत होते. त्याने स्पीकरचे बॉक्स स्वतःच्या हाताने बनवलेले आहेत, प्लायवूड कापण्यापासून. विहाराच्या जयंतीला त्याचाच साउंड आणि मंडळाच्या गणपतीलाही त्याचाच. लहानपणी मी त्याच्या बॉक्सवर बसून अभ्यास करायचे. तो मला ‘बारके’ म्हणतो, आजही.

दुसऱ्या दिवशी उठले तर उजवा कान बंद. आंघोळ करताना पाणी गेल्यासारखा. मान हलवली, उडी मारली, कानशिलावर थापटलं, पाणी काही नव्हतं. आणि चहाचा पहिला घोट गिळला तेव्हा आत स्पष्ट आवाज आला: टक.

गिळलं की टक. जांभई दिली की टक-टक. आणि माझा स्वतःचाच आवाज मला डोक्याच्या आत घुमताना ऐकू यायचा, जणू मी पिंपात तोंड घालून बोलतेय. माझ्यासारख्या बोलघेवड्या मुलीला ही केवढी शिक्षा! कॉलेजात मी वक्तृत्वाची बक्षिसं घेतलेली, आणि आता दोन वाक्यं बोलले की माझीच मला कटकट व्हायची.

आठवडा गेला, महिना गेला. प्रूफ वाचताना पप्पा म्हणायचे, “अगं, लक्ष कुठंय?” लक्ष कानात होतं.

दादाची आई, जिला आम्ही सगळे मावशी म्हणतो, ती गॅलरीतून रोज एकच सांगायची. “गो चेडवा, नाक चोंदलाहा तुजा. आवाज नाकातसून येता. वाफ घे वाफ.”

“मावशी, कान बंद झालाय, नाक नाही.”

“मगे नाक कोणाचा आसा? शेजाऱ्याचा?”

मी हसून सोडून दिलं. नाकाला केमिस्टकडचे थेंब पुरे होते. वाफ, लसणीचं तेल, ओवा या गोष्टींना माझ्या लेखी अंधश्रद्धेच्या शेजारचीच खोली होती. मला कारण सापडलं होतं. कान मिरवणुकीनंतर बिघडला, म्हणजे मिरवणुकीमुळे बिघडला. आणि कारण सापडल्यावर आमच्या घरात काय करतात ते वर सांगितलंच आहे.

जुलैमध्ये पत्रक काढलं. लवकरच चाळीची सभा होणार होती, गणपतीला साउंड कुणाचा आणि किती मोठा ते ठरवायला. त्याच्या आधीचा रविवार मी गाठला. पिवळा कागद. मथळा: ‘आणखी किती कान हवेत?’ मी दोन्ही उत्सवांना सोडलं नाही. आपल्या जयंतीबद्दलही तितकंच कडक लिहिलं, याचा मला केवढा अभिमान! आणि मधोमध, ठळक अक्षरांत, पुरावा: ‘प्रस्तुत लेखिका जयंतीच्या मिरवणुकीत याच चाळीतल्या साउंडशेजारी चालली आणि दुसऱ्या दिवसापासून तिचा उजवा कान निकामी झाला आहे. या साउंडचा आवाज कमी झाला पाहिजे.’ चाळीत साउंड एकाचाच. नाव लिहायची गरजच नव्हती.

ऐंशी बिऱ्हाडं, ऐंशी दारं. प्रत्येक दारात मी स्वतः दिलं. दादाच्या दारातसुद्धा. तोंडावर दिलं, पाठीमागे नाही, असं मी स्वतःला सांगितलं आणि छाती काढून परत आले.

मंगळवारी संध्याकाळी दादा आमच्या दारात उभा. हातात पिवळा कागद, चार घड्या घातलेला.

मी भांडणाच्या तयारीत उठले. मुद्दे पाठ होते. पण तो भांडला नाही.

“बारके, खरंच गेला काय गं कान?”

“ऐकू कमी येतंय. तीन महिने झाले.”

“मग तीन महिने मला बोलली नाय ती? घरासमोर राहतो मी.” तो चौकटीला टेकला. “दोन ऑर्डर सोडल्या मी. हात लावायला जीव होईना मशीनला. डॉक्टरनी काय सांगितलं?”

मी हातातल्या फडक्याची घडी घालायला लागले.

“डॉक्टरकडे गेलीच नायस?”

आतून आई म्हणाली, “तिने आधी पत्रक काढलं. डॉक्टर नंतर.”

“उद्या नको, परवा चल,” दादा म्हणाला. “परवा कानाची ओपीडी असते. मी येतो बरोबर. माझ्यामुळे किती गेलाय ते मला कळू दे एकदा.”

गुरुवारी सकाळी आम्ही चालत परळच्या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात गेलो. केसपेपर काढला, नंबर लावला, बाकावर बसलो. मी दर थोड्या वेळाने गिळून बघत होते. टक. टक. आणि खरं सांगते, पोटात एक विचित्र आशा होती, की डॉक्टरने म्हणावं, हो, नस गेली, साउंडनेच गेली. माझाच कान जावा अशी आशा! पत्रक खरं ठरावं म्हणून! हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नसतं.

आत डॉक्टर मॅडम होत्या, पन्नाशीच्या, आणि त्यांच्याभोवती चार-पाच शिकाऊ डॉक्टर. मॅडमनी कानात दिवा घालून पाहिलं. “पडदा शाबूत आहे. पण आत ओढला गेलाय.” मग एका मुलीला म्हणाल्या, “काटा लाव.”

तिने दोन दातांचा एक लोखंडी काटा कोपरावर आपटला. तो मधमाशीसारखा गुणगुणायला लागला. त्याचा दांडा तिने माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवला. “आवाज कुठल्या बाजूला जास्त येतोय?”

मी ऐकलं आणि गोंधळले. आवाज उजवीकडे येत होता. बंद कानात! मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. मी म्हणाले, “डावीकडे यायला हवा ना? तो कान चांगला आहे.”

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. “काय यायला हवं ते नका सांगू. काय येतंय ते सांगा.”

पत्रकं लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर हे वाक्य चिकटवायला हवं. पण ते मला नंतर सुचलं. तेव्हा मी नुसती म्हणाले, “उजवीकडे.”

“शाब्बास. आता बघा. आतली नस खराब असती तर कपाळावरचा आवाज चांगल्या कानात गेला असता. तुमचा बंद कानात जातोय. म्हणजे नस ठीक आहे. आवाज आत जायची वाट अडलीये.”

इतका वेळ भिंतीला पाठ लावून उभा असलेला दादा एकदम पुढे आला. “मॅडम, म्हणजे ॲम्प्लिफायर ओके, लाइनीत लोचा?”

शिकाऊ डॉक्टर हसले. मॅडम हसल्या नाहीत. “अगदी तेच. तुम्ही कोण?”

“साउंडवाला.”

“मग तुम्हाला लवकर कळेल. कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी खोली असते. तिला बाहेरून हवा कुठून मिळते सांगा.”

दादाने विचार केला. “बॉक्सला मागून भोक ठेवतो आम्ही, हवेला. नायतर पडदा नीट हलत नाय.”

“कानाचं ते भोक नाकात आहे.”

नाकात! मी खुर्चीत ताठ झाले. नाकाच्या अगदी मागे, घशाच्या वर, एक बारीक नळी उघडते, आणि ती सरळ कानात जाते. एरवी ती मिटलेली असते. आपण गिळतो, जांभई देतो, तेव्हा क्षणभर उघडते, आत थोडी हवा सोडते आणि मिटते. सर्दीने, ॲलर्जीने नाक आतून सुजलं की नळीचं तोंडही सुजतं. ती उघडत नाही, किंवा चिकटून चिकटून उघडते. आतली हवा अंगात शोषली जाते, नवी येत नाही, पडदा आत खेचला जातो. मॅडम हे सांगत होत्या आणि माझ्या डोक्यात दिवे लागत होते. पंचवीस वर्षं मी हे डोकं खांद्यावर घेऊन फिरतेय, आणि त्यात कानापासून नाकापर्यंत एक बोगदा आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं! कुठल्या पत्रकात नव्हतं!

“बघायचंय?” मॅडम म्हणाल्या. “एकाच बाजूला इतके दिवस असेल तर आम्हाला नाकाच्या मागे बघावंच लागतं.”

नाकात औषध मारून बधिर केलं आणि एक बारीक नळी आत घातली, टोकाला कॅमेरा असलेली. डोळ्यांतून पाणी आलं. शेजारच्या पडद्यावर गुलाबी, ओली गुहा दिसायला लागली. गुहेच्या टोकाला एक उंचवटा, त्याच्याजवळ एक खाच, सुजून बंद झालेल्या ओठांसारखी.

“ते तोंड,” मॅडम म्हणाल्या. “गिळा.”

मी गिळलं. पडद्यावर ते ओठ थरथरले, एका कोपऱ्यात कसेबसे सुटले, मध्ये चिकट तार ताणली गेली आणि तुटली. आणि त्याच क्षणी माझ्या कानात: टक.

“परत,” मी म्हणाले. नळी नाकात असताना जमेल तसं. “परत बघू.”

मी गिळलं. थरथर. तार. टक! तीन महिने जो आवाज फक्त मला ऐकू येत होता, जो सांगितला की लोक ‘मनाचं असेल’ म्हणायचे, तो मी डोळ्यांनी पाहत होते! शिकाऊ डॉक्टर मान पुढे काढून बघत होते, दादा बघत होता, आणि मी माझ्याच डोक्याच्या आतल्या दाराची कडी वाजताना बघत होते. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. एक शिकाऊ मुलगी म्हणाली, “हलू नका हो ताई,” तेव्हा कळलं की मी हलत होते.

नळी काढली. मॅडम लिहायला बसल्या आणि सहज विचारावं तसं म्हणाल्या, “सुरू झालं तेव्हा सर्दी होती?”

बाहेर पुढचा नंबर पुकारला.

“होती,” मी म्हणाले. “आठवडाभर आधीपासून. नाक पूर्ण बंद होतं.”

मी दादाकडे पाहिलं नाही. पण तो माझ्याकडे बघतोय हे कळत होतं.

मॅडमनी बाकीचं सांगितलं. कानाची मशिनीवर तपासणी झाली, ऐकणं थोडं कमी भरलं, ते परत येईल म्हणाल्या. नाकात मारायचा स्प्रे, रोज, काही आठवडे. मारताना मान जरा पुढे आणि टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाही, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या दिशेने. मिठाच्या पाण्याने नाक धुणं. केमिस्टकडचे नाक मोकळं करणारे थेंब मी तीन महिने टाकत होते, ते ताबडतोब बंद. नाक दाबून जोरात हवा फुंकायची नाही. कानात तेल तर अजिबात नाही. मग म्हणाल्या, “धूळ कुठे असते घरात? झोपता कुठे?”

“माळ्याखाली.”

“माळ्यावर काय आहे?”

“पत्रकं,” मी म्हणाले. “पप्पांची. चाळीस वर्षांची. गठ्ठे बांधून.”

मॅडमनी पेन थांबवलं. “ते हलवा.”

निघताना त्या दादाला म्हणाल्या, “आणि तुम्ही? किती वर्षं उभे राहता त्या भिंतीशेजारी?”

“वीस होतील.”

“कान तपासून घ्या एकदा.”

“आपले कान एकदम सॉलिड, मॅडम,” दादा म्हणाला.

बाहेर फाटकाजवळ उसाच्या रसाच्या गाडीपाशी तो थांबला. मला वाटलं आता हसेल, सुटलो म्हणेल.

“सर्दीचं तुला आधीच माहीत होतं?”

“हो.”

“मग कागदात का नाय लिहिलं?”

उत्तर माझ्याकडे होतं. ते घरी, फाइलीत, कच्च्या प्रतीवर होतं. मी लिहिलं होतं: ‘त्या आठवड्यात लेखिकेला सर्दीही होती.’ मग वाचून पाहिलं. वाक्याने मुद्दा लंगडा होत होता. मी ते खोडलं. एका रेघेने. आणि मगच प्रत पप्पांकडे दिली. पप्पांनी मोठ्याने वाचली ती खोडलेली प्रत. जे वाक्य नाहीच, त्याचं प्रूफ कोण तपासणार?

“लिहिलं होतं,” मी म्हणाले. “खोडलं.”

दादाने मान हलवली. “चार दिवस मी स्वतःला शिव्या घालतोय, बारके. पोरीचा कान खाल्ला म्हणून.” त्याने रस घेतला नाही. लालबागच्या बाजूला निघून गेला, आणि मी एकटी घरी आले.

पप्पा खिडकीत बसून कुणाचंतरी पत्रक दुरुस्त करत होते. मी कच्ची प्रत त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी खोडलेली ओळ उजेडाकडे धरून वाचली. मग म्हणाले, “कागद कुठला होता?”

“पिवळा.”

“ऐंशी?”

“ऐंशी.”

“सभा रविवारी आहे. लिहायला बस.”

मी चिडले. मी कशी चिडले ते सांगायला हवं, नाहीतर ही गोष्ट फार गोड होईल. मी म्हणाले, पप्पा, आवाजाचा मुद्दा खरा आहे! त्या भिंतीने कान जातात, लहान मुलं रडतात, म्हातारी माणसं कापूस घालून बसतात, हे खोटं आहे का? आता मी माघार घेतली की सगळे हसतील आणि मुद्दाच मरेल. सभेनंतर काढू ना दुरुस्ती. तीन दिवसांचा तर प्रश्न.

“मुद्दा खराच आहे,” पप्पा म्हणाले. “म्हणून तर. खऱ्या मुद्द्याला खोटा साक्षीदार लागत नाही.”

“मी खोटं नाही लिहिलं. एक वाक्य कमी लिहिलं.”

“तो समोरचा मुलगा चार दिवस जेवला नाही, असं त्याची आई सांगत होती. कमी लिहिलेल्या वाक्याने.”

आई आतून म्हणाली, “आणि माळ्यावरच्या गठ्ठ्यांचं काय? मी किती वर्षं सांगतेय.” पप्पांनी एकदम चष्मा पुसायला घेतला. हलवणं मान्य होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर घर रिकामं करायला सांगितल्यासारखं दिसत होतं. पुढे ते गठ्ठे विहारातल्या लोखंडी कपाटात गेले, एकेक प्लास्टिकमध्ये गुंडाळून, आणि प्रत्येक गठ्ठा बांधताना पप्पांनी त्यातलं एक तरी वाचून दाखवलंच. मला मात्र त्यांनी दाराबाहेर उभं केलं होतं, नाकाला रुमाल लावून. ज्या धुळीवर मी वाढले तिनेच माझं नाक सुजवलं होतं, आणि मी आरोप ठेवला तो समोरच्या गॅलरीवर.

पण ते नंतरचं. त्या रात्री जेवणाआधी पत्रक लिहून झालं. तेच माप, तोच पिवळा कागद. मथळा: ‘माझ्या कानाबद्दल दुरुस्ती’. नाकातली नळी, सर्दी, खोडलेलं वाक्य, सगळं. ‘माझा कान साउंडमुळे बिघडला हे विधान मी मागे घेते. ते लिहिताना सर्दीची गोष्ट मला माहीत होती आणि मी ती वगळली. ज्याच्यावर आरोप केला त्याची माफी मागते. आवाज कमी करावा ही मागणी कायम आहे, पण माझा कान तिचा खरा साक्षीदार नाही.’ पप्पांनी मोठ्याने वाचलं, स्वल्पविरामासकट. माफी या शब्दाशी ते थांबले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

शनिवारी ऐंशी दारं. पहिलं पत्रक वाटताना मी जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढले होते. या वेळी प्रत्येक दाराची कडी वेगळी जड लागली. कुणी म्हणालं, “आता काय, घशाचं पत्रक कधी?” एक काका मोठ्याने हसले, एक काकू म्हणाल्या, “होतं गं असं.” दोघी-तिघींनी मात्र दारातच धरून ठेवलं: नळी कुठं असते म्हणालीस? आमच्या ह्यांचाही कान वाजतो, गेली दोन वर्षं. मी दारोदार नाकाचा नकाशा हवेत काढून दाखवत होते! लाज वाटत होती आणि थांबवतही नव्हतं.

दादाचं दार शेवटचं ठेवलं होतं. तो कामावर होता. मावशी तांदूळ निवडत बसली होती. “माका चष्मो नाय. वाचून दाखव.”

मग मी उंबऱ्यावर उभी राहून माझं माफीपत्र मोठ्याने वाचलं. डोक्याच्या पिंपात माझा आवाज घुमत होता आणि मला तो शब्दन्‌शब्द ऐकावा लागला. वाचून झाल्यावर मावशीने सुपातला खडा बाजूला काढला.

“नाक,” ती म्हणाली. “माका ठावक होता.”

सभेत मी हरले. कुणीतरी म्हणालं, हिचं नाक साफ झालं की विषय साफ, आणि लोक हसले. गणपतीला साउंड दादाचाच ठरला, आवाजाचा ठराव मतालाही टाकला नाही. दादा शेवटच्या ओळीत बसला होता. माझ्याकडे बघून एकदा मान हलवली, इतकंच.

कानाचं म्हणाल तर सहाव्या आठवड्यात, भाकरीचा घास गिळताना, टक झालं नाही. नुसता एक मऊ झटका, आणि आईच्या तव्याचा, खालच्या नळाचा, समोरच्या रेडिओचा, सगळ्यांचा आवाज एकदम उजवीकडून आत आला. मी घास तोंडात ठेवून ओरडले. आईला वाटलं चटका बसला.

आणि गणपती होऊन गेल्यावर एका संध्याकाळी दादा दारात आला. पुन्हा हातात चार घड्यांचा कागद. या वेळी पांढरा. रुग्णालयाचा. त्यावर दोन्ही कानांच्या रेघा होत्या, आणि बारीक, तीक्ष्ण आवाजांच्या जागी दोन्ही रेघा खाली कोसळल्या होत्या.

“मॅडमकडे गेलो होतो. काटाबिटा सगळं केलं,” तो म्हणाला. “आपला लाइनीत लोचा नाय, बारके. आपला ॲम्प्लिफायरच जातोय. हे परत येत नाय म्हणाल्या. असलेलं जपा म्हणाल्या.”

माझ्या पत्रकाला हवा होता तो पुरावा माझ्यासमोर होता, आणि मला तो नको होता.

“मशीन कमी करतोय मी. अर्धी भिंत उतरवणार. पण एकट्याने केलं तर लोक दुसरा साउंडवाला आणतील. सगळ्यांना सांगायला पायजे.” त्याने कागद पुढे केला. “लिही.”

“तुझ्याबद्दल? तुझ्या कानाबद्दल?”

“मग कोणाच्या? आता साक्षीदार खरा आहे ना?” तो आत येऊन पप्पांच्या शेजारी बसला. “आणि माझ्याजवळ इयरप्लग असून मी ते वीस वर्षं खिशात ठेवले, लाज वाटायची म्हणून. ते पण लिही. खोडायचं नाय.”

पप्पांनी कागदाची थप्पी काढली. पिवळी. लिहून, छापून झाल्यावर दादाने माझी हाताने लिहिलेली प्रत घेतली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. विरामचिन्हं कशी म्हणायची ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून पप्पा मध्येमध्ये सांगत होते. मी छापलेल्या प्रतीवर बोट ठेवून दोन्ही कानांनी ऐकत होते.